रजामंदी कोणाची?

ईद-ए-मिलादच्या सुमारास आपल्या रायगडच्या किनारपट्टीवर आता बऱ्याच ठिकाणी रक्तदान शिबिरे होतात. तरुण मुले रांगेत उभी राहतात, बुजुर्ग खुर्ची टाकून बसतात आणि दुपारपर्यंत पिशव्या भरून गाडी निघून जाते. रक्त द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यांत जवळजवळ मिटलेला आहे. अवयवदानाचा विषय निघाला की मात्र बैठकीचे दोन तट पडतात. एक म्हणतो नाजायज, दुसरा म्हणतो जायज. पहिला मय्यतीच्या हुरमतीची हदीस सांगतो, दुसरा सूरह माइदाच्या बत्तिसाव्या आयतीचा हवाला देतो. मग चहा येतो आणि विषय संपतो.

दोन्ही बाजूंच्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण या विषयाचा इतिहास वाचताना मला सतत जाणवले, की जायज-नाजायजच्या आधी एक प्रश्न असतो आणि तो आपण सोडून देतो. ज्याचे शरीर आहे, त्याला कोणी विचारले होते का? आणि त्याला ‘नाही’ म्हणायची सोय होती का?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून आधी शब्दांकडे पाहतो. मराठीत आपण ‘रक्तदान’, ‘अवयवदान’, ‘देहदान’ म्हणतो. ‘दान’ या शब्दात देणारा मोठा दिसतो, पण जे दिले जाते त्याला कोणी विचारत नाही. ‘कन्यादान’ हा शब्द आठवला तर हे चटकन कळेल. उर्दूत ‘अतिया’ म्हणतात, म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता दिलेली गोष्ट. तिसरा शब्द आपण दोन्ही भाषांत वापरतो, ‘अमानत’. शरीर अल्लाहची अमानत आहे, असे आपल्या प्रत्येक घरात लहानपणापासून सांगितले जाते. अमानतीचा अर्थ असा, की तिचा हिशेब द्यावा लागतो, आणि ती सांभाळणाऱ्याला ती बाजारात विकता येत नाही.

आता इतिहास पाहू. माणसाच्या शरीराची गरज वैद्यकशास्त्राला सर्वांत आधी लागली ती शिकण्यासाठी. एडिंबरा शहरात १८२८ मध्ये बर्क आणि हेअर नावाच्या दोघांनी शरीरशास्त्राच्या शिक्षकाला प्रेते विकण्यासाठी माणसे मारल्याचे उघड झाले. मोठा गहजब झाला आणि १८३२ मध्ये ब्रिटनने कायदा केला. त्या कायद्याने प्रेतांचा चोरबाजार आवरला, पण कसा? अनाथालयात आणि दवाखान्यात मेलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या गरिबांची प्रेते वैद्यकीय शाळांना मिळू लागली. चोरी थांबली, कारण जे चोरावे लागत होते ते आता कायद्याने मिळू लागले. त्या गरिबांना कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये शरीरशास्त्र कायदा केला. दवाखान्यात किंवा सार्वजनिक ठिकाणी मेलेल्या माणसाचे प्रेत न्यायला कोणी आले नाही, तर ते वैद्यकीय महाविद्यालयाला देण्याची तरतूद त्यात झाली. यात कोणाचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. डॉक्टर शिकले नाहीत तर उपचार कोण करणार? पण ‘बेवारस’ कोण ठरतो, हे किनारपट्टीच्या माणसाला चांगले ठाऊक आहे. तेव्हा आपला जिल्हा ‘कुलाबा’ होता. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, महाड भागातली माणसे मुंबईत गोदीत, जहाजांवर, कारखान्यांत राबत होती. घरापासून दूर, दवाखान्यात एकटा मेलेला माणूस बेवारस असतोच असे नाही. अनेकदा त्याच्या वारसांपर्यंत खबर पोचलेली नसते, एवढेच. लावारिस मय्यतीला गुस्ल-कफन देऊन दफन करण्याचे काम आपल्या जमाती पिढ्यानपिढ्या करत आल्या, त्यामागे हीच समज होती.

रक्ताची कथा थोडी वेगळी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तोच आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. पुढे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईत साधारण ७,६०० माणसांत एक, असे त्याचे प्रमाण आढळले. या गटाच्या माणसाला फक्त याच गटाचे रक्त चालते. त्याचा जीव एखाद्या अनोळखी माणसाच्या ‘हो’वर अवलंबून असतो, मग तो अनोळखी कोणत्याही जातीचा, धर्माचा असो.

हे अनोळखी ‘हो’ मिळवण्याचा सोपा मार्ग मात्र बराच काळ पैसा हाच होता. देशभर व्यावसायिक रक्तदाते होते. दारू, भूक, कर्ज यांनी गांजलेली माणसे पुन्हा पुन्हा रक्त विकत आणि आजार लपवत, कारण आजार सांगितला तर पैसे मिळत नसत. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. विकणाऱ्यानेही ‘हो’च म्हटले होते, हे इथे विसरू नये. पण ते ‘हो’ पोटाने म्हटलेले होते. अशा होकारामुळे विकणाऱ्याचे शरीर खंगत होते आणि घेणाऱ्याच्या शरीरात आजार जात होता.

मूत्रपिंडाच्या बाबतीत हाच खेळ अधिक क्रूरपणे झाला. केईएममध्येच डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी मेंदूमृत्यूला मृत्यू मानणारा कायदा भारतात नव्हता. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि रक्ताचे नाते नसलेल्या माणसाचे मूत्रपिंडही शरीरात टिकू लागले. वैद्यकशास्त्राची ही मोठी झेप होती, पण तिने बाजाराचे दार उघडले. जे आधी फक्त भाऊ देऊ शकत होता, ते आता कोणीही गरजू विकू शकत होता.

इथे आपल्या किनारपट्टीचा इतिहास वेगळ्या वाटेने येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्या घराघरांतून माणसे आखाती देशांत गेली. दुबई, मस्कत, कुवेतच्या पैशांवर गावात माडीची घरे उभी राहिली. त्याच वर्षांत तिकडून काही माणसे मुंबईला येत होती. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधल्या १३० रुग्णांनी १९८४ ते १९८८ या काळात मुंबईत जिवंत माणसांकडून मूत्रपिंड विकत घेतले होते. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फार मोठे निघाले, आणि काहींना त्या रोपणातून एचआयव्हीची बाधा झाली. आपण तिकडे अंगमेहनत विकायला जात होतो, आणि इकडे मुंबईत आपल्यासारखाच कोणी गरीब आपले अंगच विकत होता. विकत घेणारा आखातातला होता. विकणारा कोण होता, त्याचे पुढे काय झाले, हे त्या अभ्यासाने मोजले नाही. अभ्यास रुग्णांचा होता.

या बाजाराला आळा घालण्यासाठी संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव रोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने राज्यांनी ठराव करून मागणी करावी लागते. तशी मागणी करणाऱ्या राज्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये कायदा लागू झाला. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली, आणि तो चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासायचा, असा नियम झाला. जवळच्या नात्याबाहेरचा माणूस अवयव देत असेल तर समितीची परवानगी लागते. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाली.

तरीही या कायद्याच्या कलम ५ मध्ये जुनी सावली राहिलीच. रुग्णालयात किंवा तुरुंगात मेलेल्या माणसाचे प्रेत ४८ तासांत नातेवाइकांनी नेले नाही, तर तिथला प्रमुख अवयव काढण्यास परवानगी देऊ शकतो. नातेवाईक येण्याची शक्यता दिसत असेल तर मात्र नाही. आज आपल्या बंदरांतल्या होड्यांवर परप्रांतीय खलाशी काम करतात. एकेकाळी मुंबईत आपली माणसे होती, तिथे आज ते आहेत.

आपल्या उलेमांनी या काळात काय केले? पाकिस्तानच्या मुफ्ती मुहम्मद शफी यांनी साठच्या दशकात रोपणाविरुद्ध मत दिले. शरीर माणसाच्या मालकीचे नाही, मग तो ते देणार कसे, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. मलेशियाच्या उलेमांनी १९७० मध्ये डोळे आणि हृदयाच्या रोपणाला परवानगी दिली. जेद्दा इथे फेब्रुवारी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सविस्तर ठराव केला. त्यानुसार मृताचा अवयव घ्यायचा तर त्याने हयातीत परवानगी दिलेली हवी, किंवा मृत्यूनंतर वारसांनी. विक्री कोणत्याही परिस्थितीत नाही. वारस नसलेल्या अनोळखी मृताबाबत मुस्लिम शासकाची परवानगी पुरेशी मानली गेली. भारतातल्या इस्लामिक फिकह अकादमीने १९८९ मध्ये गरजू नातेवाइकाला विनामोबदला मूत्रपिंड देणे मान्य केले, पण मृत्यूनंतर अवयव देण्याची वसीयत शरियतमध्ये ग्राह्य धरली नाही. मतभेद आजही आहेत आणि ते प्रामाणिक आहेत.

आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. भुकेने मरणाऱ्याने दुसरे काहीच नसताना मृत माणसाचे मांस खाऊन जीव वाचवावा का, या टोकाच्या प्रश्नावर जुन्या शाफई ग्रंथांत परवानगी आहे. आजच्या परवानगीच्या बाजूचे उलेमा त्यावरूनच पुढचा विचार करतात. शाफई वस्तीच्या सिंगापूरने तर वेगळाच अनुभव घेतला. तिथे १९८७ च्या कायद्याने, ज्याने लेखी नकार दिला नाही त्याचा होकार धरला, पण मुसलमानांना त्यातून वगळले. मुसलमान असेल तर होकार स्पष्ट द्यावा लागे. पुढे तिथल्या उलेमांनी मत बदलले आणि २००८ पासून मुसलमानही इतरांसारखेच त्या कायद्याखाली आले. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे. माणसाला आपले मत आधी ठरवावे लागते. आपल्याकडे ती वेळ दवाखान्याच्या व्हरांड्यात येते, जेव्हा बोलणारा उरलेला नसतो.

हे सगळे वाचून मला एक गोष्ट ठळक दिसते. परवानगी देणारे आणि नाकारणारे उलेमा विक्रीच्या विरोधात एक आहेत. देशाचा कायदाही तिथेच उभा आहे. मतभेद आहे तो देण्याबद्दल. त्यात प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारून आपला निर्णय घ्यावा. पण ज्याबद्दल मतभेद नाही, त्याबद्दल आपण किती जागरूक आहोत?

दबाव फक्त दलालाच्या पैशांचाच असतो असे नाही. तो घरातही असतो. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. आई, बायको, बहीण देते. प्रेमाने देते, हे खरेच. पण सगळे घर तिच्याकडे पाहत असते तेव्हा ती ‘नाही’ म्हणू शकते का? जो घरात कमावत नाही त्याचेच शरीर आधी का आठवते? डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारले पाहिजे, हे खरे. पण तिच्या भावांनी, सासऱ्यांनी, जमातीच्या बुजुर्गांनीही तिच्या नकाराला बेवफाई म्हणू नये. रक्तदान शिबिरात नाव पुकारून मुलांना उभे करतात, तिथेही हेच. अठरा वर्षांखालच्या मुलाला तर रांगेत येऊच देऊ नये.

आणि शेवटचे, व्यवहाराचे. ज्याला द्यायचे आहे त्याने ‘नमुना ७’ भरावा. त्यावर साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. ज्याला द्यायचे नाही, त्यानेही घरी तसे स्पष्ट सांगावे. कारण मेंदूमृत्यूनंतर रुग्णालय घरच्यांनाच विचारते, आणि त्या घडीला मुलगा, भाऊ, मामू अंदाजाने बोलतात. निकाह आपण वलीच्या नुसत्या शब्दावर सोडत नाही, मुलीची रजामंदी विचारतो, साक्षीदार बसवतो. स्वतःच्या शरीराच्या अमानतीबद्दलही एवढी तसदी घ्यायला हवी. येत्या जुम्म्याला घरी जेवायला सगळे जमतील, तेव्हा ही गोष्ट काढा. हो असेल तर हो सांगा, नाही असेल तर नाही सांगा, आणि दुसऱ्याचेही तेवढ्याच शांतपणे ऐकून घ्या.