शिडाच्या नावेतील वीज

समुद्र आपल्यापासून फार लांब आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला नाव म्हटली, की वैनगंगेवरचा डोंगा आठवतो. तरीही आज शिडाच्या समुद्रनावेत वीज कशी आली, आणि ती ताब्यात ठेवायला माणूस कसा शिकला, याचा इतिहास मी सांगणार आहे. कारण भरसमुद्रातल्या एकट्या खलाशाला विजेचा जो प्रश्न पडतो, तोच रानातल्या शाळेत सौरदिवा लावणाऱ्या गुरुजींनाही पडतो.

जोशुआ स्लोकम या खलाशाने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. जगातली ती पहिलीच एकट्याची प्रदक्षिणा. त्याच्या नावेत वीज नव्हती. तेलाचा दिवा आणि एक स्वस्त घड्याळ, एवढ्यावर त्याचे भागले. वीज मात्र तोवर जन्माला आली होती. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांतून प्रवाह निघतो, हे फॅरडेने १८३१ साली दाखवले. शिशाची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली. विसाव्या शतकात रेडिओ आला, आणि नावेलाही वीज हवीशी झाली.

आता मुंबईत बांधलेल्या एका नावेची गोष्ट ऐका. तिचे नाव 'सुहैली'. लांबी बत्तीस फूट, लाकूड सागाचे. आलापल्ली-बल्लारपूरच्या लोकांना सागाचा गुण काय सांगावा! ही नाव घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून निघाला, आणि कुठेही न थांबता पृथ्वी फिरून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. त्या शर्यतीत नऊ जण होते. पुरा झाला तो हा एकटाच. वाटेत बॅटरी तपासताना तिच्यातले आम्ल त्याच्या डोळ्यात उडाले. बॅटरी भरणारे छोटे इंजिन बिघडले, तेव्हा ठिणगीच्या टोकांमधले अंतर मोजायला त्याच्याजवळ धड माप उरले नव्हते. त्याने वहीची पाने मोजली. दोनशे पानांची जाडी एक इंच, म्हणजे एक पान इंचाचा दोनशेवा भाग. पाने मधे धरून त्याने अंतर बसवले. शाळेतले त्रैराशिक असे समुद्रात उपयोगी पडते. पुढे त्याचा रेडिओ बंदच पडला, आणि तो जिवंत आहे की नाही, हे घरच्यांना कित्येक महिने कळले नाही.

त्या काळात मोटारींमध्ये मोठा बदल घडत होता. पूर्वी मोटारीत डायनॅमो असे. इंजिन संथ चालले, की तो फारशी वीज देत नसे. त्याची जागा अल्टरनेटरने घेतली. अल्टरनेटरमध्ये उलटसुलट वाहणारा प्रवाह निर्माण होतो. तो बॅटरीला चालत नाही, एका दिशेचा करून द्यावा लागतो. सिलिकॉनचे स्वस्त डायोड निघाल्यावर हे काम सोपे झाले. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० साली आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवूनच दिला. पुढे व्होल्टेज आवरणारा नियंत्रक, म्हणजे रेग्युलेटर, त्याच्याच पोटात बसवण्यात आला. हेच यंत्र नावांच्या डिझेल इंजिनांवरही चढले.

इथेच घोटाळा झाला. मोटारीची बॅटरी गाडी सुरू करताना जराशी रिकामी होते, आणि मग इंजिन तासन्‌तास चालते. शिडाच्या नावेचे उलटे. तिथे काम वारा करतो, इंजिन बंद असते. दिवे, रेडिओ, सुकाणू धरणारे स्वयंचलित यंत्र, सगळे बॅटरीवर. बॅटरी अर्धी होते, आणि भरायला इंजिन चालते जेमतेम तास-दीड तास. मोटारीसाठी बनवलेला नियंत्रक एवढ्यात हात आखडता घेतो. बॅटरी रोज अपुरी राहते, तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचा कठीण थर बसतो, आणि पाच वर्षे चालायची ती दोन वर्षांत मरते.

नियंत्रक हात का आखडतो? आपल्या मालगुजारी तलावाचे उदाहरण घ्या. तुडुमापाशी बसलेला माणूस आपल्या पायाजवळचा नहर भरलेला पाहतो आणि म्हणतो, "झाले पाणी, करा बंद." पण शेवटच्या बांधीतले धान अजून कोरडेच असते. पोटातला नियंत्रक नेमके हेच करतो. तो व्होल्टेज मोजतो ते यंत्राच्या तोंडाशी. लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज गळते, हे त्याला दिसत नाही.

उपाय काय? पाणी वाटणाऱ्याला शेवटच्या बांधीवर उभा करायचा. म्हणजे नियंत्रक यंत्राबाहेर काढायचा, आणि त्याची मोजणीची तार थेट बॅटरीच्या टोकांना जोडायची. अल्टरनेटरच्या पोटात एक विद्युतचुंबक फिरतो. त्याला चार-पाच अँपिअर दिले, की बाहेरची वेटोळी शंभर अँपिअरही देतात. हा लहान प्रवाह म्हणजेच तुडूम. अल्टरनेटर उघडून आतला नियंत्रक काढतात, आणि ब्रशची तार बाहेर आणतात. काही यंत्रांत आतला नियंत्रक धन बाजूला असतो, काहींत ऋण. नवा त्याच जातीचा लागतो. बाहेरचा नियंत्रक आधी भरपूर प्रवाह सोडतो, मग सुमारे १४.४ व्होल्टवर धरून ठेवतो, आणि बॅटरी भरली, की साडेतेराच्या आसपास उतरतो. बॅटरी तापली, तर आणखी कमी करतो. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मोठा अल्टरनेटर बसवायचा, तर एवढ्यावर भागत नाही. एकच बारीक पट्टा घसरतो, म्हणून रुंद किंवा जोडपट्टा लागतो. तार जाड लागते. यंत्र चालू असताना बॅटरी तोडली, तर डायोड जळतात. अलीकडच्या लिथियम बॅटऱ्या तर दिला तेवढा प्रवाह पिऊन टाकतात, आणि अल्टरनेटरच तापून जळू शकतो. त्याची उष्णता मोजून त्याला आवरणारा नियंत्रक तिथे हवाच.

सुहैलीचा धागा पुढे आपल्याच माणसांनी उचलला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने पृथ्वी फिरावी, ही कल्पना मांडली. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. २००६ साली ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी 'म्हादेई' ही छप्पन फुटी नाव बांधली. तिच्यातून दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. याच नावेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ साली कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. अशा सफरीत खलाशी झोपतो, तेव्हा सुकाणू यंत्राच्या हाती असते. बॅटरी बसली, तर त्याची झोपही गेली.

आता आपल्या गावाकडे येऊ. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी सौरदिव्याची बॅटरी हाच आधार असतो. तिथला चार्ज कंट्रोलर हा त्या नियंत्रकाचाच भाऊ. दिवा लवकर विझू लागला, की लोक पत्र्याला, म्हणजे सौरपट्टीला दोष देतात. आधी बॅटरी तपासा. साधा व्होल्टमीटर घ्या, आणि बॅटरीच्याच टोकांवर मोजा. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी असेल, तर ऊन पडण्यापूर्वी, दिवे बंद केल्यावर तासाभराने ती १२.७ च्या जवळ दिसली, तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी. भर दुपारीही ती कधीच १४ च्या पुढे जात नसेल, तर तारा बारीक आहेत का, जोड गंजले आहेत का, ते पाहा. ऊर्ध्वपातित पाणी घालताना डोळ्यांवर चष्मा ठेवा. आणि हे आकडे रोज मुलांकडून वहीत लिहवून घ्या. महिन्याभरात त्या वहीवरूनच बॅटरीची प्रकृती तुम्हांला कळेल.