अपघाती मृत्यूची संभाव्यता (भारत)

अपघाती मृत्यूंची वर्षभरातील संख्या भागिले लोकसंख्या, म्हणजे वार्षिक संभाव्यता. आयुष्यभराची शक्यता तिच्याहून कितीतरी मोठी असते आणि भीती नेमकी इथेच चुकते.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. साधारण ८,४०० लोकांमागे एक. हाच दर सत्तर वर्षे टिकला, तर जवळपास १२० जणांतील एकाचा शेवट रस्त्यावर होईल. मृतांत सर्वाधिक वाटा दुचाकीस्वारांचा. त्याच वर्षी वीज पडून २,८८७ मृत्यू नोंदले गेले. ही वार्षिक शक्यता सुमारे पाच लाखांत एक. मात्र शेतात उघड्यावर राबणाऱ्याला ही सरासरी लागू पडत नाही.

सर्पदंशाचे गणित अधिक अस्वस्थ करणारे आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तरीआधी सर्पदंशाने मरण्याची शक्यता सरासरी २५० जणांत एक. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरात, बहुतेक खेड्यांत. कित्येक रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे सरकारी आकडा फार तोकडा पडतो.

उपचाराने संभाव्यता बदलते. कोकणात विंचूदंशाने पोरे दगावत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणले.