गैरहजर सभासदांसाठी थांबलेला ठराव : डिसेंबर १९४६ ची घटना समिती आणि राष्ट्रीय ऐक्याचा प्रश्न

प्रास्ताविक

भारतीय राज्यघटनेच्या निर्मितीचा इतिहास शिकविताना १३ डिसेंबर १९४६ या दिवसाचा उल्लेख हमखास केला जातो. त्या दिवशी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी घटना समितीपुढे उद्दिष्टांचा ठराव मांडला. तो संमत झाला २२ जानेवारी १९४७ रोजी. मधले चाळीस दिवस मात्र वर्गात एका वाक्यात उरकले जातात. वास्तविक, दुभंगलेल्या देशात ऐक्य कोणत्या मार्गाने साधावयाचे, याविषयीचा घटना समितीतील पहिला गंभीर वाद याच दिवसांत झाला, आणि तो प्रामुख्याने दोन मराठी सभासदांनी उभा केला. बॅ. मुकुंदराव जयकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ते दोघे होत. त्या वादाचा अर्थ लावणे आणि त्याचे पडसाद पुढील तीन वर्षांत कोठवर उमटले हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिकाम्या जागा

१६ मे १९४६ च्या त्रिमंत्री योजनेनुसार घटना समितीत ३८९ सभासद असावयाचे होते. त्यांपैकी २९६ ब्रिटिश हिंदुस्थानातील आणि ९३ संस्थानांचे. ९ डिसेंबरला दिल्लीत पहिली बैठक भरली तेव्हा संस्थानांचे प्रतिनिधी आलेले नव्हते, कारण योजनेप्रमाणे त्यांचा प्रवेश नंतरच्या टप्प्यावर होता. मुस्लिम लीगचे ७३ सभासद निवडून आले होते. त्यांनी बहिष्कार घातला होता. लीगने जुलैअखेर योजनेची मान्यता काढून घेतली होती. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आणि त्यानंतर नोआखाली व बिहारमध्ये रक्तपात झाला होता. ऑक्टोबरमध्ये लीग हंगामी सरकारात सामील झाली, परंतु घटना समितीत येण्यास ती तयार नव्हती. त्यातच ६ डिसेंबरला ब्रिटिश सरकारने जाहीर केले की, लोकसंख्येच्या मोठ्या भागाचे प्रतिनिधी नसलेल्या समितीने केलेली घटना देशाच्या नाखूश भागांवर लादण्याचा विचार सरकार करू शकणार नाही.

अशा सभागृहात नेहरूंचा ठराव आला. हिंदुस्थान स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक होईल. घटक प्रदेश स्वायत्त राहून शेषाधिकार त्यांच्याकडे असतील. सर्वांना न्याय, समता व स्वातंत्र्य यांची हमी मिळेल. अल्पसंख्याक, मागास व आदिवासी प्रदेश आणि दलित वर्ग यांना पुरेसे संरक्षण दिले जाईल, असा त्याचा आशय होता. ‘लोकशाही’ हा शब्द त्यात नव्हता. प्रजासत्ताक या शब्दातच तो अंतर्भूत आहे, असा खुलासा नेहरूंनी केला. ‘बंधुता’ हा शब्दही त्यात नव्हता; त्याची उणीव त्या दिवशी फारशी कोणाला जाणवली असेल असे वाटत नाही.

जयकरांची दुरुस्ती

जयकरांनी १६ डिसेंबरला दुरुस्ती मांडली. लीग आणि संस्थाने यांच्या प्रतिनिधींना सहभागी होता यावे म्हणून ठरावाचा विचार पुढे ढकलावा, असे तिचे स्वरूप होते. त्यांचा पहिला मुद्दा कायद्याचा होता. प्राथमिक बैठकीत अध्यक्षाची निवड, कामकाजाचा क्रम आणि सल्लागार समितीची नेमणूक एवढेच करावयाचे आहे. घटनेची मूलतत्त्वे ठरविणे त्या बैठकीच्या कक्षेबाहेरचे आहे. दुसरा मुद्दा व्यवहाराचा होता. जे आलेले नाहीत त्यांच्यापुढे तयार निर्णय ठेवला, तर त्यांचे येणे अधिकच अवघड होईल. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात सर तेजबहादूर सप्रू यांच्यासमवेत काँग्रेस आणि सरकार यांच्यात मध्यस्थी करणाऱ्या या कायदेपंडिताचा पिंडच समेटाचा होता. सभागृहाला मात्र ही दुरुस्ती रुचली नाही.

विरोधकांचा युक्तिवाद हलका नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. गैरहजर राहणाऱ्याच्या हाती नकाराधिकार द्यावयाचा काय, हा त्यांचा प्रश्न होता. बहिष्कार घालून कामकाज थांबविता येते असे एकदा दिसले की बहिष्कार हेच राजकारण होऊन बसते. लोकशाही संस्थांचा कोणताही अभ्यासक ही भीती निराधार म्हणणार नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनीही ठरावाच्या बाजूने आपले वजन टाकले.

आंबेडकरांचे भाषण

१७ डिसेंबरला अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी अनपेक्षितपणे आंबेडकरांना बोलावले. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते असल्याने आज पाळी येईल असे वाटले नव्हते, असे त्यांनी आरंभीच सांगितले. पाकिस्तानच्या मागणीची साधकबाधक चर्चा करणारा ग्रंथ त्यांनी १९४० मध्ये लिहिला होता. १९४५ मध्ये तर घटना समितीची गरजच नाही, अशी भूमिका जाहीरपणे मांडली होती. मुंबई प्रांतात त्यांच्या पक्षाचा पराभव झाल्यामुळे बंगालमधून निवडून येऊन ते सभागृहात बसले होते. काँग्रेसच्या बाकांवर त्यांच्याविषयी साशंकता असणे स्वाभाविक होते.

भाषणाचा पहिला भाग टीकेचा होता. समाजवादी म्हणविणाऱ्या नेहरूंचा ठराव निराशा करणारा आहे. त्यात हक्कांचा उच्चार आहे, पण हक्क हिरावले गेल्यास उपाय सांगितलेला नाही. आर्थिक न्यायाची इच्छा असेल तर उद्योग आणि जमीन यांच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख हवा होता. यानंतर भाषणाचा सूर पालटला. आपण राजकीय, सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या विभागलेले आहोत, परस्परांशी झुंजणाऱ्या छावण्या आहोत आणि आपण स्वतः अशाच एका छावणीचे नेते असू, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. तरीही काळ आणि परिस्थिती अनुकूल झाल्यास हा देश एक होण्यापासून कोणी रोखू शकणार नाही. अखंड हिंदुस्थानच आपल्या हिताचा आहे असे एक दिवस लीगलाही वाटेल, अशी खात्री त्यांनी व्यक्त केली. १९३५ च्या कायद्यातील केंद्राहूनही बळकट केंद्र आपणास हवे, असेही त्यांनी सांगितले.

त्यांच्या मते अडचण अंतिम ध्येयाविषयी नव्हती, प्रारंभाविषयी होती. या विजातीय समुदायाला एकत्र निर्णय घेण्यास कसे प्रवृत्त करावयाचे? ठराव संमत करण्याचा अधिकार सभागृहाला आहे की नाही, हा जयकरांचा कायदेशीर मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला. अधिकार आहे असे धरले तरी तो आज वापरणे शहाणपणाचे आहे काय, असा त्यांचा सवाल होता. सत्ता आणि शहाणपण या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी एडमंड बर्कच्या अमेरिकन वसाहतींविषयीच्या भाषणाचा आधार घेऊन सांगितले. शरणागती, वाटाघाटी आणि युद्ध या तीन वाटांपैकी तिसरी म्हणजे मुसलमानांविरुद्धचे युद्ध ठरेल, हा धोका त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडला. बळकट केंद्राचा पुरस्कर्ता असूनही ते प्रतिपक्षाच्या पूर्वग्रहांना सवलत देण्यास सांगत होते. यात विसंगती पाहणाऱ्यांनी ध्येय आणि पद्धती यांतील भेद लक्षात घेतलेला नाही.

दुभंग केवळ हिंदू-मुसलमानांचा नव्हता, हेही त्याच चर्चेत दिसले. १९ डिसेंबरला जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या वतीने बोलताना, आदिवासींना लोकशाही शिकविण्याचे कारण नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावी लागेल, अशा आशयाचे उद्गार काढले.

थांबण्याचे फलित

ठरावावरील चर्चा अखेर जानेवारीपर्यंत पुढे ढकलण्यात आली. लीग आली नाही. जानेवारीअखेर कराचीत तिने घटना समितीच बरखास्त करण्याची मागणी केली आणि ३ जूनच्या योजनेने फाळणी निश्चित झाली. तात्कालिक हेतूच्या कसोटीवर जयकर-आंबेडकरांची सूचना निष्फळ ठरली, असे कोणी म्हटल्यास ते खोटे नाही.

परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे इतिहासाला निकालपत्र समजणे होय. एप्रिल १९४७ च्या अखेरीस बडोदा, बिकानेर, पतियाळा आदी संस्थानांचे प्रतिनिधी सभागृहात बसले. १४ जुलैला भारतात राहिलेल्या प्रदेशांतील लीगचे सभासदही आले. त्यांच्यापैकी आसामचे माजी पंतप्रधान सय्यद महंमद सादुल्ला यांना ऑगस्टमध्ये नेमलेल्या मसुदा समितीत स्थान मिळाले. बंगालच्या फाळणीने आंबेडकरांची जागा गेली, तेव्हा राजेंद्रप्रसादांनी ३० जूनला मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून आंबेडकरांना तातडीने निवडून आणण्यास कळविले. जी जागा त्यांना मिळाली ती जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेली होती. एकट्या डिसेंबरच्या भाषणामुळे हे घडले असा दावा करता येणार नाही. विविध समित्यांतील त्यांचे कामही त्यामागे होते. तथापि, ज्या विरोधकाचे ऐकून घेतले गेले, तोच काही महिन्यांत मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, ही गोष्ट सभागृहाची बदललेली वृत्ती दाखविते.

मूळ ठरावाचे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. घटक प्रदेशांना शेषाधिकार देणारे कलम फाळणीनंतर गळाले आणि ते अधिकार केंद्राकडे गेले. सरनाम्यात ‘लोकशाही’ हा शब्द आला. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात आंबेडकरांच्या समितीने ‘बंधुता’ या तत्त्वाची भर घातली आणि बंधुभावाची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती, असे तिचे कारण दिले. हे गांधीहत्येनंतर महिनाही उलटला नव्हता तेव्हाचे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात आंबेडकरांनी हेच सूत्र पुढे नेले. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतात, असे विचारून त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले आणि बंधुतेवाचून समता व स्वातंत्र्य टिकणार नाहीत असे बजावले. छावण्यांची जी कबुली १९४६ मध्ये होती, तीच येथे जातींच्या संदर्भात आहे. ही दोन भाषणे सहसा वेगवेगळी वाचली जातात. ती सलग वाचली पाहिजेत.

अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर या वृत्तीची खरी परीक्षा झाली. स्वतंत्र मतदारसंघ १९४७ मध्ये नाकारले गेले. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही रद्द झाल्या. लीगच्याच बेगम ऐजाझ रसूल यांनी राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडतील म्हणून त्या नकोत, असे सांगितले. मद्रासचे महंमद इस्माईल यांनी मात्र स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह सोडला नाही आणि सभागृहाने त्यांचे ऐकून घेऊन त्यांच्याविरुद्ध मत दिले. तेच इस्माईल पुढे केरळमधील मंजेरी या मुस्लिमबहुल, पण सर्वांसाठी संयुक्त असलेल्या मतदारसंघातून १९६२, १९६७ आणि १९७१ मध्ये लोकसभेवर निवडून आले.