गेमिंग आणि काम, दोन्हीसाठी एकच पीसी: प्रोसेसर नेमका कोणता घ्यायचा?

दिवसा व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडीचं काम, रात्री मित्रांसोबत गेम. असा दुहेरी वापराचा पीसी जुळवायला निघालं की गाडी सगळ्यात आधी अडकते ती प्रोसेसरपाशी. दुकानदार म्हणतो आय९ घ्या. यूट्यूबवाला म्हणतो एक्स३डीशिवाय पर्यायच नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एखादा ६४ कोअरच्या थ्रेडरिपरचा फोटो टाकून गप्प बसतो.

गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कारण 'सगळ्यात वेगवान प्रोसेसर' अशी एकच वस्तू बाजारात नाही. रेंडरिंगला जे लागतं ते गेमला फारसं लागत नाही, आणि गेमला जे लागतं त्याचा रेंडरिंगला जवळपास उपयोग नसतो. हे एकदा कळलं की पुढचा हिशोब सोपा होतो.

जास्त कोअर म्हणजे जास्त वेग?

अर्धंच खरं. १९६७ साली आयबीएममधल्या जीन अ‍ॅमडल यांनी एक साधी गोष्ट मांडली होती. कुठल्याही कामाचा काही भाग वाटून करता येतो, काही भाग मात्र एकामागून एकच करावा लागतो. समजा एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटता येतो आणि १० टक्के नाही. अशा कामाला ८ कोअर दिले तर वेग ८ पट होत नाही, साधारण ४.७ पट होतो. १६ कोअर दिले तर ६.४ पट. २४ दिले तर ७.३ पट. आणि कितीही हजार कोअर लावले तरी १० पटीच्या पुढे गाडी जातच नाही.

आता ब्लेंडरमध्ये एक फ्रेम रेंडर करताना चित्राचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मोजता येतो. वाटून करण्याजोगं काम जवळपास पूर्ण. मोठा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट कंपाइल करणं, व्हिडिओ प्रोसेसरवर एन्कोड करणं, हेही बरंचसं त्याच जातीचं. इथे १६ किंवा २४ कोअर म्हणजे पैसा वसूल.

ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग उघडून फिरवणं किंवा फोटोशॉपमधली बरीच रोजची कामं यांचं तसं नाही. तिथे एकटा कोअर किती चपळ आहे यावर सगळं अवलंबून. म्हणजे कॅडवर बसणाऱ्या माणसाने २४ कोअर घेतले तर त्यातले बहुतेक दिवसभर झोपा काढणार.

आणि एक महत्त्वाचं: तुमचं रेंडरिंग ग्राफिक्स कार्डवर होत असेल, जे आजकाल ब्लेंडरमध्ये अनेकांचं होतं, तर प्रोसेसरच्या कोअरवर जास्तीचे २०-२५ हजार घालण्याआधी तेच पैसे ग्राफिक्स कार्डात घालता येतील का ते पाहा.

गेमचं दुखणं वेगळंच

१४४ हर्ट्‌झचा मॉनिटर पूर्ण वापरायचा तर प्रत्येक फ्रेम सुमारे ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. तेवढ्या वेळात तुम्ही माउस कुठे हलवला, शत्रू कुठे गेला, गोळी लागली की नाही, हे सगळं क्रमाने ठरवून ग्राफिक्स कार्डाला 'आता हे काढ' असं सांगायचं. या क्रमामुळे कामाचा मोठा भाग वाटता येत नाही. बहुतेक गेमना ८ चांगले कोअर मिळाले की पुढच्या कोअरचा फायदा फारच थोडा.

मग प्रोसेसर कुठे अडतो? बऱ्याचदा वाट पाहण्यात.

स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. मिसळणाचा डबा ओट्यावर असेल तर हळद टाकायला क्षणही लागत नाही. कोठीच्या खोलीत असेल तर गॅस बारीक करून उठावं लागतं. प्रोसेसरमधली कॅशे मेमरी म्हणजे ओट्यावरचा डबा, आणि रॅम म्हणजे कोठीची खोली. ५ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदांचा असतो. रॅमकडून माहिती यायला ८० नॅनोसेकंद लागले, तर तेवढ्यात ४०० ठोके वाया गेले. गेममधली माहिती विखुरलेली असते, त्यामुळे अशा फेऱ्या सतत होतात.

एएमडीने यावर सरळ उपाय केला: डबाच मोठा करा. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये कॅशेचा एक जास्तीचा थर मूळ चिपच्या वर चढवला आणि ३२ एमबीची एल३ कॅशे ९६ एमबी झाली. गंमत बघा, या प्रोसेसरचा कमाल वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी होता, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्‌झ. तरीही गेममध्ये तो पुढे निघाला. गिगाहर्ट्‌झ बघून प्रोसेसर निवडणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

वेग कमी ठेवावा लागला कारण कोअरवर चढवलेला थर उष्णता अडवत होता. नोव्हेंबर २०२४ च्या रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये एएमडीने हा थर कोअरच्या खाली नेला, कूलर थेट कोअरच्या बाजूला आला आणि वेग ५.२ गिगाहर्ट्‌झपर्यंत गेला. गेमिंगच्या चाचण्यांत या प्रोसेसरने आधीच्या जवळपास सगळ्यांना मागे टाकलं.

पण थांबा. हा फरक तुम्हाला दिसेल का, हे मॉनिटरवर ठरतं. १०८० पिक्सेलवर काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट खेळताना, किंवा फ्लाइट सिम्युलेटर आणि फॅक्टोरिओसारख्या गेममध्ये, तो स्पष्ट दिसतो. ४के वर सगळी सेटिंग वर नेऊन खेळत असाल तर आधी ग्राफिक्स कार्डाचाच दम निघतो. तिथे २० हजारांचा आणि ५० हजारांचा प्रोसेसर अनेकदा शेजारी शेजारी बसतात. यूट्यूबवरच्या प्रोसेसर चाचण्या बहुतेक १०८० पिक्सेलवर आणि सगळ्यात महागड्या ग्राफिक्स कार्डावर घेतलेल्या असतात, कारण त्यांना प्रोसेसरमधला फरकच दाखवायचा असतो. त्यात चूक काही नाही, फक्त तो तुमच्या घरचा आकडा नव्हे.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचं काय झालं?

हे नीट समजून घ्या, कारण हे प्रोसेसर आजही नवे-जुने दोन्ही विकले जातात.

कोअर आय९-१४९००के कागदावर तगडा आहे: ८ मोठे आणि १६ छोटे असे २४ कोअर, ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत वेग. पण २०२३-२४ मध्ये अनेकांचे गेम मध्येच बंद पडू लागले. अनरिअल इंजिनवरचे गेम 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे' असा संदेश द्यायचे, त्यामुळे लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेत बसले. दोष प्रोसेसरमध्ये होता. काही प्रसंगी प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि त्याने आतलं सर्किट हळूहळू झिजत होतं.

इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि त्यानंतर ०एक्स१२बी हे मायक्रोकोड आणले, ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतात. बॉक्समधून विकलेल्या संबंधित प्रोसेसरची वॉरंटी ३ वरून ५ वर्षं केली. मात्र अपडेट पुढची झीज थांबवतं, झालेली झीज भरून काढत नाही.

याचा अर्थ असा: तुमच्याकडे असा प्रोसेसर असेल तर बायोस आजच तपासा. कारण नसताना गेम किंवा रेंडर बंद पडत असतील तर अपडेट करून थांबू नका, वॉरंटीत दावा करा. आणि जुना १३९००के किंवा १४९००के 'कडक कंडिशन' म्हणून स्वस्तात मिळत असेल, तर तो कुठल्या बायोसवर किती दिवस चालला हे कोण सांगणार? क्लायंटच्या डेडलाइनवर पोट असणाऱ्याने हा जुगार खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत ही अडचण नाही. त्यातला कोअर अल्ट्रा ९ २८५के कामात जोरदार आहे आणि वीजही आधीपेक्षा कमी खातो. पण अनेक गेममध्ये तो आपल्याच थोरल्या भावाच्या, १४९००केच्या मागे राहिला. कामाच्या दृष्टीने त्याचा धाकटा भाऊ, २० कोअरचा कोअर अल्ट्रा ७ २६५के, हा जास्त शहाणपणाचा सौदा वाटतो.

इंटेलच्या बाजूने एक मुद्दा मात्र भक्कम आहे. लग्नाचं किंवा इव्हेंटचं शूट करणाऱ्यांच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी फुटेज असतं. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधलं क्विक सिंक ते सहज उलगडतं. एन्व्हिडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणजे जुनं कार्ड ठेवून प्रीमिअरवर काम करायचं असेल तर टाइमलाइन अडखळू नये म्हणून इंटेलचा विचार करा. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' असलेला घेऊ नका, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं.

वॅट, उन्हाळा आणि वीजबिल

१४९००के पूर्ण भाराखाली २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ९८००एक्स३डीची कमाल मर्यादा १६२ वॅट आहे आणि गेममध्ये तो त्याच्या बराच खाली असतो. बहुतेक चाचण्या २१-२५ अंशांच्या खोलीत होतात. अकोला-नागपूरकडे मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत ३८ अंश असतील, तर प्रोसेसरचं तापमानही साधारण तेवढ्याच १३-१७ अंशांनी वर सरकतं. मग तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मोजलेले पैसे वाफ होऊन जातात. २५० वॅटच्या प्रोसेसरला ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर लागेल हे धरूनच बजेट करा. ९८००एक्स३डी चांगल्या एअर कूलरवर निभतो.

रोज ८ तास रेंडर करताना १०० वॅटचा फरक असेल तर महिन्याच्या २५ दिवसांत २० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर २०० रुपये. बिलापेक्षा खोलीत साठणारी उष्णता जास्त त्रास देते.

रॅम आणि सॉकेट

एएमडीचा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि निदान २०२७ पर्यंत त्यावर नवे प्रोसेसर देऊ असं कंपनीने जाहीर केलं आहे. म्हणजे आज ८ कोअर घेऊन नंतर त्याच मदरबोर्डवर १६ कोअरचा बसवता येईल.

रॅम डीडीआर५-६००० ची, दोनच पट्ट्या. नंतर आणखी दोन टाकू असा विचार करू नका. एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. बायोसमध्ये एक्सपो सुरू करायला विसरू नका, नाहीतर ६००० ची रॅम कमी वेगाने चालत राहते. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या, त्यामुळे आता प्रोसेसरपेक्षा रॅमचाच भाव आधी विचारावा. जुनी चांगली डीडीआर४ रॅम आणि एएम४ मदरबोर्ड हाताशी असेल तर सगळं नवं घेण्याआधी त्याच बोर्डवर बसणारा प्रोसेसर मिळतो का ते बघा.

मग घ्यायचा कोणता?

गेमिंग आधी, काम म्हणजे कोडिंग, फोटो, अधूनमधून एडिटिंग: ९८००एक्स३डी. तो महाग वाटला तर एप्रिल २०२३ चा ७८००एक्स३डी, तोही ८ कोअर आणि ९६ एमबीचा.

दिवसभर प्रोसेसरवर रेंडर आणि कंपाइल, शिवाय गेममध्ये तडजोड नको: १६ कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स३डी. यात ८-८ कोअरच्या दोन चिप आहेत आणि जास्तीची कॅशे एकीलाच. गेम सुरू झाला की तो कॅशेवाल्या कोअरवर चालावा यासाठी एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार लागतो. 'नको ते ॲप' म्हणून गेम बार काढून टाकणाऱ्यांना इथे फटका बसतो. याच घराण्यातला १२ कोअरचा ९९००एक्स३डी मला पटत नाही. त्यात कॅशेवाले कोअर ६च, गेममध्ये तो ८ कोअरवाल्याच्या मागे आणि कामात १६ वाल्याच्या.

४के वर खेळणारे आणि कामाला प्राधान्य देणारे यांनी एक्स३डीचा हट्ट सोडून साधा ९९५०एक्स किंवा २६५के बघावा. थ्रेडरिपर हे प्रकरण अनेक ग्राफिक्स कार्डं किंवा प्रचंड रॅम लागणाऱ्यांसाठी. गेममध्ये तो निम्म्याहून कमी किमतीच्या ९८००एक्स३डीसमोर फिका पडतो.

लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला आहे की खुला 'ट्रे' आहे हे विचारा. बॉक्सला ३ वर्षांची कंपनीची वॉरंटी असते, ट्रेची जबाबदारी विकणाऱ्यावर. बॉक्सवरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. जीएसटी १८ टक्के आहे. तुमची स्वतःची नोंदणी असेल आणि पीसी व्यवसायासाठी असेल तर बिल जीएसटी क्रमांकावरच मागा, इनपुट क्रेडिट मिळतं. आणि घरी आल्यावर पहिलं बायोस अपडेट यूपीएसवर करा. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.