डावाच पाय का?

माझ्या मावशीच्या डाव्या घोट्याजवळ अकरा वर्षं जखम होती. भरायची, पुन्हा फुटायची. डाव्या चपलेचा पट्टा कायम शेवटच्या भोकात. जखम पायाला, म्हणून तपासला गेला तो पायच. जांघेच्या वर कुणी पाहिलं नाही. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी या विषयावर वाचू लागलो, तेव्हा कळलं की ‘डावाच पाय का?’ हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८५१ साली रुडॉल्फ फिरखोव या जर्मन वैद्यानं नोंदवलं, की पायाच्या मोठ्या शिरांत रक्ताची गुठळी होते ती डावीकडे जास्त. कारण त्यानं शरीररचनेतच शोधलं. ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेला ओलांडून जाते. मागे मणका, पुढे धमनी, मध्ये मऊ शीर. अडकित्त्यात सुपारी असते तशी.

पुढची शंभर वर्षं यात फारसं काही घडलं नाही. मग १९५७ मध्ये ऑस्ट्रियातले मे आणि थर्नर यांनी ४३० मृतदेह तपासले. २२ टक्क्यांमध्ये त्या ठिकाणी शिरेच्या आत तंतुमय पडदे किंवा आडवे बंध सापडले. वर धमनीचे ठोके जन्मभर बसत राहतात, त्यानं आतलं अस्तर जाड होतं, असा त्यांचा निष्कर्ष. १९६५ साली लंडनमध्ये कॉकेट आणि ली थॉमस यांनी जिवंत रुग्णांमध्ये याचा आजार म्हणून पाठपुरावा केला.

कारण सापडलं, पण करायचं काय? उरुग्वेच्या पाल्मानं धड पायाची वरवरची शीर ओटीपोटावरून आडवी नेऊन आजारी पायाला जोडली. कल्पना सुंदर, पण शिरेत रक्त संथ वाहतं, दाब कमी, जोड बुजण्याची भीती कायम. बहुतेकांच्या वाट्याला घट्ट पट्टी आणि उशीवर ठेवलेला पाय एवढंच आलं.

स्टेंट आला तो धमन्यांसाठी. १९८६ मध्ये हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा बसवला गेला. तिथली नळी साधारण ३ मिलिमीटरची. ओटीपोटातल्या शिरेला १६ मिलिमीटरचा लागतो. शिवाय अडथळा दिसायलाच हवा ना! दाबून चपटी झालेली शीर एक्स-रेच्या चित्रात समोरून रुंदच दिसते. शिरेच्या आत सोनोग्राफीची बारीक नळी घालून आडवा छेद पाहिला, तेव्हा कुठे खरा आकार कळला. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावी पीटर नेग्लेन आणि शेषाद्री राजू यांनी १९९७ पासून हेच तंत्र वापरलं. २००७ साली त्यांनी ९८२ अडथळ्यांचा हिशेब मांडला. सहा वर्षांनंतर, गरजेनुसार पुन्हा केलेले उपचार धरून, निव्वळ दाबामुळे अरुंद झालेल्या शिरांतले स्टेंट जवळजवळ सगळे उघडे होते. जुन्या गुठळीनं खराब झालेल्या शिरांत ८६ टक्के. पाच वर्षांत भरलेल्या जखमांचं प्रमाण मात्र ५८ टक्के. हा आकडा मी दोनदा वाचला.

इतकी वर्षं वापरलेले स्टेंट मुळात दुसऱ्या कामांसाठी बनलेले होते. खास ओटीपोटातल्या या शिरांसाठीच्या स्टेंटना अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २०१९ मध्ये.

आणि एक गोष्ट, जी या यशाच्या गोष्टीत सहसा मागे राहते. २००४ साली, पायाची काहीच तक्रार नसलेल्या ५० माणसांचे सीटी स्कॅन तपासले गेले. जवळपास एक चतुर्थांश जणांची तीच डावी शीर निम्म्याहून अधिक दबलेली होती. म्हणजे चित्रात दाब दिसला की लगेच स्टेंट, असं करून चालणार नाही. त्या माणसांचे पाय ठणठणीत होते.

मावशीचं असं चित्र कधी काढलंच गेलं नाही. तिची शीर दबलेली होती की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नाही. तिच्या चपला अजून माळ्यावर आहेत.