गोव्याचा कॅप्टन गोव्यात खेळलाच नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जिथं अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

सुरुवात एका क्लिपपासून करू. जुलै २०१६, चेन्नईचं जवाहरलाल नेहरू इनडोअर स्टेडियम. वर छप्पर, खाली कोर्ट, आणि गोव्याच्या टीमकडून खेळतोय रोनाल्डिन्हो. वय ३६, पोट थोडं सुटलेलं, पण बॉल पायाला चिकटल्यासारखा. बंगळुरूविरुद्ध गोवा ७-२ नं जिंकला आणि त्या सातपैकी पाच गोल ह्या एकट्या माणसाचे. मी ही क्लिप हॉस्टेलवर रूममेटच्या फोनवर पाहिली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. एक जीबीचा डेटा पॅक महिनाभर पुरवायचा काळ होता तो, त्यामुळे अख्खी मॅच बघायची आमची ऐपत नव्हती. तीन मिनिटांची क्लिप, तीही वायफाय असलेल्या पोराकडून घेतलेली.

मग काही दिवसांनी स्पर्धा चेन्नईहून गोव्याला गेली. म्हापशाजवळ पेडे इथल्या इनडोअर स्टेडियममध्ये. आणि गोव्याचा कॅप्टन रोनाल्डिन्हो? तो दोन मॅच खेळून ब्राझीलला परत गेला होता. रिओच्या पॅरालिम्पिकचा राजदूत म्हणून त्याची तिकडं कामं होती. त्याच्या जागी आला काफू. २००२ चा वर्ल्ड कप उचललेला कॅप्टन, मोठाच माणूस, पण वय ४६. म्हणजे ३६ वर्षांचा गेला आणि ४६ वर्षांचा आला. फुटबॉलवेड्या गोव्यात, भर पावसाळ्यात, लोक ज्याला बघायला येणार होते तो गोव्याच्या टीमकडून गोव्यात एकही मॅच खेळला नाही.

ह्या स्पर्धेचं नाव प्रीमियर फुटसाल. भारतातली इनडोअर फुटबॉलची पहिली मोठी व्यावसायिक लीग. आज तिचं नाव काढलं तर ऑफिसमधले फुटबॉलवाले पण म्हणतात, "अरे हो, असं काहीतरी होतं." दहा दिवसांचा एक सीझन, त्यावर मी अख्खा एपिसोड का करतोय, ते पुढे कळेल.

आधी खेळ समजून घेऊ. फुटसाल म्हणजे गल्लीत पाच-पाच जण खेळतात तेच, असं वाटतं, पण तसं नाही. कोर्ट साधारण ४० मीटर बाय २० मीटर. बॉल लहान आणि कमी उसळणारा, म्हणून तो हवेत कमी आणि पायात जास्त राहतो. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर. बॉल बाहेर गेला की चार सेकंदांत किक घ्यायची, नाहीतर बॉल समोरच्या टीमचा. आणि मला सगळ्यात आवडतो तो फाउलचा हिशोब. एका हाफमध्ये टीमचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला मधे भिंत न लावता दहा मीटरवरून थेट गोलवर किक. म्हणजे टंगडी घालून खेळ थांबवायची सवय इथं महाग पडते.

अमेरिकेत वेगळंच होतं. तिथं १९७८ मध्ये मेजर इनडोअर सॉकर लीग सुरू झाली. आइस हॉकीसारखी कोर्टाभोवती फळ्यांची भिंत, बॉल तिच्यावर आपटून परत खेळात. पहिल्या मॅचचा पहिला बॉल पीट रोझ नावाच्या बेसबॉलपटूनं मारला. लक्षात घ्या, फुटबॉलच्या लीगला बेसबॉलचा स्टार. तरी ती लीग १९९२ पर्यंत चालली. पण फुटसाल हा तो खेळ नाही. त्याची गोष्ट उरुग्वेची आहे.

१९३० साल. पहिला फुटबॉल वर्ल्ड कप उरुग्वेत झाला आणि उरुग्वेनंच जिंकला. देशभर पोरांना फुटबॉल सोडून काही सुचेना. मॉन्टेव्हिडिओच्या वायएमसीएमध्ये हुआन कार्लोस सेरियानी नावाचे शिक्षक होते. त्यांनी बंद हॉलमध्ये खेळता येईल असा फुटबॉल बसवला. खेळाडू पाच आणि वेळ बास्केटबॉलची, गोलपोस्ट हँडबॉलसारखा, गोलकीपरचे नियम वॉटर पोलोवरून. आपल्या भाषेत, चार खेळांचा कोड कॉपी करून पाचवा खेळ तयार केला.

मग सुरू झालं भांडण. १९७१ मध्ये ह्या खेळाची स्वतंत्र जागतिक संघटना ब्राझीलमध्ये उभी राहिली. १९८२ मध्ये तिनं स्वतःचा वर्ल्ड कप भरवला. फिफाला हे पटलं नाही. फुटबॉल म्हटलं की तो आमचा, असं त्यांचं म्हणणं. त्या वादातूनच 'फुटबॉल' शब्द टाळून 'फुटसाल' हे नाव पुढे आलं. गंमत बघा, पुढे फिफानं खेळ ताब्यात घेतला, १९८९ मध्ये नेदरलँड्समध्ये आपला पहिला वर्ल्ड कप घेतला, आणि नंतर तेच नाव वापरायला लागली. जुन्या संघटनेची वारस संघटना मात्र अजून वेगळी चूल मांडून आहे.

हे आठवणीत ठेवा, कारण २०१६ मध्ये भारतात हेच भांडण पुन्हा झालं.

प्रीमियर फुटसालच्या आयोजकांनी घोषणा अशा केल्या की कुणालाही वाटावं, आता काय राहिलं! अध्यक्ष लुईस फिगो. ब्रँड अँबेसेडर विराट कोहली. गाणं ए. आर. रहमानचं. सहा टीम आणि प्रत्येकीला एक मोठा चेहरा: मुंबईला रायन गिग्ज, गोव्याला रोनाल्डिन्हो, कोलकात्याला हर्नान क्रेस्पो, बंगळुरूला पॉल स्कोल्स, कोचीला मिचेल साल्गादो, चेन्नईला फाल्काव. गिग्ज तर दोनच आठवड्यांपूर्वी, २९ वर्षांनी मँचेस्टर युनायटेड सोडून मोकळा झाला होता.

ह्या सहांमध्ये खरा फुटसालवाला एकच, फाल्काव. ब्राझीलचा, २००८ आणि २०१२ चा फुटसाल वर्ल्ड कप जिंकलेला. बाकी पाच जण मोठ्या मैदानावरचे राजे. चेन्नईत खेळल्यानंतर दोन महिन्यांनी फाल्काव कोलंबियात शेवटचा वर्ल्ड कप खेळला. इराणनं ब्राझीलला पेनल्टीवर हरवून बाहेर काढलं आणि नंतर जिंकलेल्या इराणच्या खेळाडूंनीच त्याला उचलून हवेत उडवलं. खेळाची माणसं त्याला कुठं ठेवतात ते त्यावरून कळतं. आपल्याकडं मात्र पोस्टरवर तो रोनाल्डिन्होच्या मागं.

तर ही सगळी तयारी, आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ म्हणाला, ही लीग अनधिकृत आहे. फिफाच्या नियमानं देशातला फुटसाल हा तिथल्या फुटबॉल महासंघाच्या अखत्यारीत येतो. आयोजकांच्या पाठीशी होती ती दुसरी चूल, म्हणजे त्या जुन्या संघटनेच्या वारसाशी जोडलेली भारतीय फुटसाल संघटना. कोण बरोबर, कोण चूक हे मी ठरवत नाही. पण भुर्दंड कोणाला बसतो ते सांगतो.

लीगच्या नियमानं मैदानावरच्या पाचांत एक भारतीय हवाच होता. ह्या पाचव्या माणसाकडं कॅमेरा क्वचित जायचा. गिग्जला काय, फी मिळाली, घरी गेला. परदेशी फुटसाल खेळाडूंना त्यांच्या देशात क्लब होते, राष्ट्रीय टीम होत्या. ह्या पोराला इथं कितीही चांगलं खेळून पुढं जायला जागाच नव्हती. भारताची फुटसाल टीम तेव्हा नव्हतीच, राष्ट्रीय क्लब स्पर्धा नव्हती, आणि ही लीग महासंघाच्या वहीत नव्हती. आमच्यासारख्यांना हे लगेच समजतं. इंटर्नशिप केली, काम भारी केलं, पण कंपनी कॉलेजच्या यादीतच नाही, म्हणून मार्कशीटवर शून्य.

सीझन मात्र रंगला, हे मान्य करायला पाहिजे. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, टीव्हीच्या हिशोबानं कापलेला खेळ. फक्त दोन गावं, चेन्नई आणि गोवा, त्यामुळे मुंबईची टीम मुंबईत न खेळताच चॅम्पियन झाली. २४ जुलैला पेड्याच्या स्टेडियममध्ये फायनल झाली, मुंबई विरुद्ध कोची. पेनल्टी शूटआउटपर्यंत गेली आणि मुंबईनं काढली. वरळीत, दादरला कुणी मिरवणूक काढल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. त्याच दिवसांत, अगदी त्याच तारखांना, टीव्हीवर दुसरी इनडोअर लीग चालू होती. प्रो कबड्डीचा चौथा सीझन, २५ जून ते ३१ जुलै २०१६. हॉस्टेलच्या टीव्हीवर रिमोट त्यांच्याच हातात असायचा आणि आम्ही फुटबॉलवाले चार जण मागं बसायचो.

मी अचलपूरचा. आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतरावांनी सुरू केलेलं. ह्या मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी तिकडं करून दाखवली. आमच्याकडं हे शाळेपासून ऐकवतात, कधीकधी जरा जास्तच. पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. बर्लिनमध्ये टाळ्या पडल्या, तरी कबड्डी लगेच कुठं पोचली नाही. देशपातळीवरची संघटना १९५० मध्ये झाली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये ती पुन्हा प्रदर्शनीय खेळच होती. पदक मिळालं १९९० मध्ये, बीजिंगला. बर्लिनपासून मोजा, चोपन्न वर्षं.

त्या चोपन्न वर्षांत काय होत होतं? गावागावांतली मंडळं, जिल्ह्याच्या स्पर्धा, रेल्वे आणि पोलिसांच्या टीम, त्यातून लागणाऱ्या नोकऱ्या. २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला, तेव्हा सगळ्यात मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार. तो रेल्वेचा, भारताच्या टीमचा, आधीपासूनचा मोठा खेळाडू, फक्त टीव्हीवाल्यांना माहीत नव्हता. लीगनं महासंघाला सोबत घेतलं आणि तयार असलेल्या माणसांवर लाइट टाकला. प्रीमियर फुटसालनं लाइट आधी लावले, आणि खाली उभं राहायला इथलं कोणी आहे का ते नंतर शोधलं.

टायमिंगचाही भाग आहेच. फायनल २४ जुलैला आणि जिओ आलं ५ सप्टेंबरला. सहा आठवडे आधी फुकट डेटा हातात आला असता तर अचलपूर-परतवाड्यातल्या पोरांनी ही लीग फोनवर पाहिली असती. कदाचित वाचलीही असती. पण मला तसं वाटत नाही. कारण दुसरा सीझन २०१७ मध्ये झाला, तेव्हा सगळ्यांकडं जिओ होतं. टीमची नावं बदलली, मुंबईची मुंबई वॉरियर्स झाली, स्टार तेच ओळखीचे. तिसरा सीझन झाला नाही.

फुटबॉल महासंघाची स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत झाली. दिल्ली एफसीनं मोहम्मेडन स्पोर्टिंगला फायनलमध्ये ७-२ हरवलं. फिगो नाही, रहमान नाही, कोहली नाही. पण ह्या स्पर्धेतून वर जायचा रस्ता होता. २०२३ मध्ये भारताची पुरुष फुटसाल टीम आपली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच खेळली, बहरीनविरुद्ध.

आमच्या गावातला एक सीनियर होता, भारी गोलकीपर. २०१६ मध्ये तो म्हणायचा, "भाऊ, मले त्या पाचमंदी घेतलं ना, त मी फुकट खेळतो." ट्रायलला जायचं होतं त्याला, गेला नाही. भाड्याचे पैसे होते, घरून सुट्टी नव्हती, सोयाबीनच्या निंदणाचे दिवस. मागच्या दिवाळीला भेटला. आता संध्याकाळी टर्फवर खेळतो, जाळी लावलेल्या हिरव्या पिंजऱ्यात, तासाचे पैसे वाटून. फुटबॉलचा स्लॉट रात्री दहानंतर मिळतो, कारण आधीचे सगळे बॉक्स क्रिकेटवाल्यांनी बुक केलेले असतात. मी त्याला ती रोनाल्डिन्होची क्लिप दाखवली. त्यानं ती दोनदा पाहिली आणि म्हणाला, "तो नाही रे, तो मागं पळून राह्यला तो कोण आहे?"

मी खूप शोधलं. क्लिपखाली त्याचं नाव नव्हतं.