तार, फळा, डबा आणि ग्रुप

स्मरणिका समितीच्या बैठकीत प्रश्न निघाला की आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य कोणतं? एकजण म्हणाले, "गुड मॉर्निंग." मला नाही तसं वाटत. माझ्या मते ते वाक्य "पाणी आलं का?" हे आहे. त्याच्या खालोखाल "लिफ्ट पुन्हा बंद" आणि "गाड्या लेट आहेत का हो?" यांचा नंबर लागेल. समितीने लगेच हे काम माझ्याच गळ्यात टाकलं. सोसायटीची नोंदणी, कन्व्हेयन्स, टाकीची दुरुस्ती हा इतिहास सचिवांच्या अहवालात आलेलाच आहे. मी लिहितोय तो इतिहास वेगळा आहे. आपण ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडची माणसं रोजची कटकट आणि वाईट बातमी एकमेकांना कशी सांगत आलो, त्याचा.

सुरुवात अर्थातच रेल्वेपासून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. रुळांच्या बाजूने तारेचे खांबही आले. ठाण्यातून १८६६ साली 'अरुणोदय' हे वर्तमानपत्र निघू लागलं. म्हणजे गाऱ्हाणं छापून आणायची सोय आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी. पण छापून येणारं गाऱ्हाणं हे शिकलेल्यांचं. साध्या माणसाची वाईट बातमी यायची ती पत्राने किंवा तारेने.

माझं लहानपण डोंबिवली पूर्वेला एका चाळीत गेलं. तारवाला सायकलवरून आला की आख्खी चाळ गॅलरीत यायची. तार आनंदाचीही असू शकते, पास झाल्याची, मुलगा झाल्याची, पण हे कोणाच्या मनातही यायचं नाही. तार इंग्रजीत असायची आणि चाळीत धड इंग्रजी वाचणारे दोघेच. त्यातले एक मास्तर होते. तार त्यांच्याकडे जायची. ते चष्मा लावून वाचायचे, घडी घालायचे आणि आधी विचारायचे, "घरात कोण कोण आहे?" मजकूर बहुतेक वेळा ठरलेला, "फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली." शब्दाला पैसे पडायचे म्हणून चारच शब्द, हे खरं. पण 'सीरियस' म्हणजे काय ते सगळ्यांना कळायचं. माणूस गेलेला असायचा. तसं स्पष्ट लिहायचं नाही, कारण वाचणाऱ्याला अजून रात्रभर एस.टी.त बसून कोकणात किंवा साताऱ्याला जायचं आहे. तेवढा प्रवास त्याने आशेवर करावा, अशी त्यात सोय होती.

पत्राचंही तसंच. शुभकार्याच्या पत्राला हळदकुंकू, आणि शोकपत्रावर वरती 'श्री' नाही. उघडणाऱ्याला पहिली ओळ वाचायच्या आधीच समजायचं, आणि तो बसून घ्यायचा. वाचून झालं की असं पत्र घरात ठेवत नसत, फाडून टाकत. बातमीचा धक्का थोडा थोडा करून द्यायची ही पद्धत होती. कोणी शिकवली नव्हती, पण पाळायचे सगळे. सरकारने १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद केली तेव्हा पेपरांत आठवणींचे रकाने आले होते. मला मात्र मास्तरच आठवले.

आता गाडीचा डबा. हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबेल, समितीने क्षमा करावी.

३२ वर्षं डोंबिवली ते व्हीटी (सीएसएमटी म्हणायची सवय मला अजून झालेली नाही). ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा. डोंबिवलीला बसायला मिळणं म्हणजे लॉटरी, पण कल्याणहून येणारे मित्र जागा धरायचे, चौथ्या सीटवर का होईना. ठाण्याला उठून उभ्या असलेल्याला बसवायचं हा अलिखित करार. मांडीवर ब्रीफकेस, त्यावर पत्ते. दोन डबे सोडून भजनी मंडळ, टाळांसकट. दसऱ्याला डब्याला तोरण, झेंडूच्या माळा आणि पेढे. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय मजा चाललीय. पण या सगळ्याच्या मध्ये जे चालायचं ते म्हणजे कटकट वाटून घेणं. साहेब प्रमोशन अडवतो. बिल्डर ताबा देत नाही. मुलाला बारावीला टक्के कमी पडले. घरी हे बोलता यायचं नाही, कारण घरी आधीच त्याची झळ लागलेली असायची. ऑफिसात बोलणं धोक्याचं. डब्यातल्या माणसाचा मात्र आपल्या पगाराशी किंवा भावकीशी काही संबंध नाही, आणि मुलुंड गेलं की तोही आपली कटकट सांगणार आहे. हिशेब चुकता.

बायकांच्या डब्यात हे याहून जास्त खोल असायचं, असं आमच्या सौ. सांगतात. १९९२ मध्ये महिला स्पेशल सुरू झाली तेव्हापासून त्या तिच्याच. तिथे भाजी निवडली जायची, डोहाळजेवणं व्हायची, साड्यांचे हप्ते भरले जायचे. नव्वदच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या. त्यांच्या ग्रुपमधल्या एकीच्या यजमानांची नोकरी तशीच गेली. तो माणूस तीन महिने रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत होता, आई-वडिलांना कळू नये म्हणून. सासू-सासऱ्यांना तीन महिने न कळलेली ही गोष्ट गाडीतल्या अकराजणींना पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्यातल्या एकीच्या भावाच्या ओळखीने पुढे त्यांना तळोजाला काम मिळालं. तोपर्यंत त्या अकराजणींपैकी कोणीही बाहेर एक शब्द काढला नाही. मला या गोष्टीचं नवल मदतीपेक्षा त्या गप्प राहण्याचं जास्त वाटतं.

ज्याला असा डबा नाही, त्याचं काय होतं? २००५ साली निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' आला, संदीप कुलकर्णी माधव आपटेच्या भूमिकेत. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. रोज तीच गाडी पकडणारा सरळमार्गी माणूस एक दिवस उसळतो. तो पाहताना माझ्या मनात आलं की या आपट्याला गाडीत मित्र कसा नाही? हा सिनेमावाल्यांचा दोष नव्हे, कारण हळूहळू तसंच होत गेलं. गर्दी इतकी वाढली की ग्रुप करून बसणं सोडा, ओळखीच्या दरवाज्यात शिरणंही नशिबाचं झालं. २ जानेवारी २०१५ ला सकाळी ठाकुर्लीजवळ बिघाड झाला, गाड्या थांबल्या आणि दिव्याला लोकांचा संयम सुटला. दगडफेक, जाळपोळ, दिवसभर गाड्या बंद. त्या हिंसेचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण दिवेकरांची जलद गाडीच्या थांब्याची मागणी त्याच्या कितीतरी आधीची होती, आणि थांबा मिळाला २०१६ च्या डिसेंबरात, हेही नोंदवून ठेवतो.

आता आपली सोसायटी. २००० साली राहायला आलो तेव्हा गेटच्या आत, मीटर रूमच्या बाजूला चार बाय तीनचा काळा फळा लावला. "उद्या टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवावे." भारनियमनाच्या वर्षांत तर वॉचमन रोज त्याच्यावर वेळापत्रक लिहायचा. मुलुंडच्या पलीकडे दिवे लखलखीत आणि आपल्याकडे अंधार, हा राग त्या काळात सगळ्यांच्या तोंडी होता. उकाड्याने सगळे खाली यायचे, फळ्याशेजारच्या कट्ट्यावर बसायचे आणि वीज मंडळाला यथेच्छ शिव्या द्यायचे. आपल्या पहिल्या गणेशोत्सवाची वर्गणी याच अंधारात ठरली.

त्या फळ्याचा सर्वांत मोठा दिवस २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरकडे वस्त्यांत शिरलं. गाड्या जागच्या जागी, वीज गेलेली, मोबाईल लागत नाहीत. संध्याकाळी सातच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मेणबत्ती आणि खडू घेतला आणि जे घरी आले नव्हते त्यांची नावं फळ्यावर लिहिली, फ्लॅट नंबरसकट. २३ नावं होती. त्यात माझंही. मी कुर्ल्याहून रुळांतून चालत सुटलो होतो, ठाण्याला एका शाळेत रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. गेटमधून आत आलो तर वॉचमनने आधी नमस्कार केला आणि मग ओल्या फडक्याने माझं नाव पुसलं. वर पाच नावं उरली होती. शेवटचं नाव २८ तारखेला सकाळी पुसलं गेलं. त्या दोन रात्री कोणीही "अमुक ठिकाणी इतके गेले" असली ऐकीव बातमी फळ्यावर लिहिली नाही. खडू काकूंच्या हातात होता.

ग्रुप २०१४ मध्ये सुरू झाला. आधी फक्त कमिटीचा, मग सगळ्यांचा. २०१६ मध्ये व्हॉट्सअॅपने सभासदांची मर्यादा २५६ केली आणि आपल्या ८४ फ्लॅटमधले मुलं-सुना-जावईही आत आले. पाणी, लिफ्ट, लोकल यांसाठी या ग्रुपइतकी चांगली सोय झाली नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. मधली दोन वर्षं कल्याणला कोणत्या रस्त्याने जावं हे रोज सकाळी ग्रुपच सांगायचा.

पण खडू आता प्रत्येकाच्या हातात आला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. तशाच अफवांचे व्हिडिओ त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवरही फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा आणली. मग कोविड. कोणाच्या घरी पॉझिटिव्ह आहे ते फ्लॅट नंबरसह टाकावं, असा आग्रह काहींनी धरला, काहींनी कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंना भीतीच होती. ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने रुग्णांच्या दारावर सरसकट पोस्टर लावू नयेत असं सांगितलं, तेव्हा आपला वाद थंडावला.

आणि एप्रिल २०२१. आपल्या एका ज्येष्ठ सभासदांचं सकाळी हॉस्पिटलात निधन झालं. कोणाला तरी कळलं, त्यांनी ग्रुपवर फोटो आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं. खाली दहा मिनिटांत चाळीस हात जोडलेले. त्यांची मुलगी नर्स. ड्यूटी संपवून ती लोकलने घरी येत होती. कळवा गेल्यावर तिने फोन उघडला. घरून तिला फोन करायचा राहिला नव्हता. भाऊ स्टेशनवर तिला घ्यायला उभाच होता, समोर बसवून सांगायचं म्हणून. मुंब्रा, दिवा, कोपर ही तीन स्टेशनं तिने एकटीने काढली. डब्यात त्या दिवसांत मोजकीच माणसं, तीही तोंडाला मास्क लावून लांब लांब बसलेली.

तिने कोणालाही दोष दिला नाही. पण त्यानंतरच्या ऑनलाइन सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, जे एरवी फक्त पार्किंगवर बोलतात, मुद्दा मांडला आणि ठराव झाला. निधनाची बातमी घरच्यांनी कमिटीच्या एका माणसाला सांगायची. त्याने विचारायचं, "जवळच्या सगळ्यांना कळलं का?" घरचे हो म्हणेपर्यंत ग्रुपवर काही येणार नाही. ते काम सध्या आपल्या बी विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका करतात. गेल्या चार वर्षांत त्यांना असे नऊ फोन आले. एकदा त्यांनी सात तास थांबवलं, मुलगा टोरांटोहून विमानात होता म्हणून. त्या सात तासांत ग्रुपवर फक्त लिफ्टची चर्चा चालू होती.

फळा अजून मीटर रूमच्या बाजूला आहे. नव्या रंगकामात काढायचं ठरत होतं, ज्येष्ठांनी काढू दिला नाही. खडूचे पैसे किरकोळ खर्चात पडतात, वर्षाला साधारण साठ रुपये.